मळकी मालगाडी

मागच्या वेळी आपण पुठ्ठ्याचं घर मापात कसं कापायचं ते पाहिलं. त्यावर सहावीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ती लिहिते, की मापं अगदी बरोबर आली, खिडक्या उघडतात-मिटतात, कौलंसुद्धा एकेक कापून चिकटवली आणि रंग तर खूपच स्वच्छ दिला. "पण बाई, ते घर खेळण्यातलंच वाटतं. खरं का वाटत नाही?"

उत्तर तिनंच पत्रात देऊन ठेवलंय. रंग स्वच्छ दिला ना, तिथंच घोटाळा झाला!

एवढं सांगून मी मोकळी झाले असते. पण आमच्या शाळेत याच प्रश्नावरून गेल्या डिसेंबरात चांगलं रामायण घडलं. तेच सांगते, कृती त्यात येईलच.

आमचं उंबरमाळी शहापूर तालुक्यात. लोकलनं आलात तर खर्डीच्या पुढं आणि कसाऱ्याच्या अलीकडे. कसाऱ्यापासून थळ घाट लागतो. हा घाट १८६५ साली रेल्वेला खुला झाला आणि त्याचा चढ १:३७ आहे. म्हणजे गाडी ३७ मीटर पुढं गेली की १ मीटर वर चढलेली असते. कागदावर हा चढ अगदी किरकोळ दिसतो, पण रेल्वेच्या हिशेबात फार मोठा आहे. म्हणून कसाऱ्याला गाड्यांना जादा इंजिनं लावतात, त्यांना 'बँकर' म्हणतात. १० फेब्रुवारी २०२३ ला मुंबई–शिर्डी 'वंदे भारत' सुरू झाली. ती मात्र या घाटात बँकर न लावताच चढते. तेव्हापासून आमच्या वर्गातल्या प्रत्येक वहीच्या मागच्या पानावर तिचं चित्र असतं.

तेव्हा प्रदर्शनासाठी काय करायचं असं विचारल्यावर सगळा वर्ग काय ओरडला असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

एकटा शेवटच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "मी मालगाडीचा डबा करणार."

"तो घाणेरडा?" कुणीतरी विचारलं आणि वर्ग हसला.

याचे वडील रेल्वेत कीमन आहेत. आपल्या वाट्याचा रूळ रोज पायी चालून तपासायचा, ढिल्या झालेल्या चाव्या ठोकून बसवायच्या, काही मोडलं-तुटलं दिसलं तर कळवायचं, हे त्यांचं काम. उन्हात आणि पावसातसुद्धा. मुलगा हसण्याला काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मापं लिहून घेऊन आला. कोळसा वाहणारा उघडा डबा, लांबी दोन्ही टोकांच्या जोडकड्या धरून सुमारे १०.७ मीटर आणि उंची रुळापासून सव्वातीन मीटरच्या आत. आम्ही प्रमाण १:५० घेतलं. हिशेब सोपा पडतो, एका मीटरचे दोन सेंटिमीटर. डबा झाला साधारण साडेएकवीस सेंटिमीटर लांब आणि साडेसहा सेंटिमीटर उंच. रुळांमधलं अंतर खरं १६७६ मिलिमीटर, आमचं साडेतेहेतीस मिलिमीटर.

पुठ्ठ्याचं काम त्यानं फार छान केलं. मग तपकिरी-लाल रंग दिला, पांढऱ्या रंगानं अक्षरं काढली आणि डबा टेबलावर ठेवला. आम्ही सगळे पाहत राहिलो. शेवटी एक मुलगी म्हणाली, "बाई, चॉकलेटचा डबा वाटतो."

आणि खरंच वाटत होता हो!

मग मी त्याला (आणि हसणाऱ्यांनासुद्धा) एक काम दिलं. पंधरा दिवस रंगाला हात लावायचा नाही, फक्त बघायचं. फलाटावर उभं राहून, पिवळ्या पट्टीच्या मागून, जाणारी प्रत्येक मालगाडी पाहायची आणि वहीत लिहायचं, की डबा कुठं मळलाय आणि तिथंच का मळलाय. रुळांच्या जवळ कुणी जायचं नाही, हे मी दहा वेळा बजावलं. तुम्हालाही बजावते.

वह्या आल्या त्या वाचून मीच थक्क झाले. डबा कसाही, कुठंही मळत नाही! गंजाचे ओघळ वरून खाली येतात, आडवे कधीच जात नाहीत. कारण त्यांना आणणारं पाणी पावसाचं. दाराच्या बिजागरीखाली, जोडाच्या फटीखाली, जिथं पाणी थांबतं तिथून ओघळ निघतो. धूळ मात्र खालून वर चढते. चाकांजवळ दाट, वर जाता जाता विरळ. पेट्रोलच्या टाकीडब्याच्या पोटावर बरोबर मधोमध काळा पट्टा असतो, कारण वरच्या झाकणातून भरताना सांडतं ते तिथूनच ओघळतं. सिमेंटच्या डब्याला दाराभोवतीच राखाडी पूड. शिडीच्या पायऱ्यांचा रंग मधेच उडालेला, कडेला शाबूत, कारण बूट मधे पडतो.

एका मुलीनं तर खडीबद्दल लिहिलं होतं. नवी टाकलेली खडी काळसर निळी असते, आपल्या सह्याद्रीचाच काळा दगड तो. पण जिथं गाड्या ब्रेक लावतात तिथली खडी तांबूस होते. का? ब्रेक चाकाला घासतात, लोखंडाची बारीक पूड उडते, खडीवर बसते आणि गंजते. गाडी थांबली कुठं ते खडी सांगते.

गंमत पाहा, पंधरा दिवसांपूर्वी ज्याला सगळे 'घाण' म्हणत होते त्याची आता कारणं लिहिली जात होती. अमुक डाग पावसाचा, तमुक बुटाचा, हा कोळशाचा.

डब्यांवर असे डाग मुद्दाम रंगवण्याला आम्ही नाव ठेवलं 'मळवणं'. हे वेड काही आम्हीच शोधलेलं नाही. अमेरिकेत जॉन अ‍ॅलन नावाचा छायाचित्रकार होता (१९१३–१९७३). त्यानं घराच्या तळघरात डोंगर, पूल, खाणी असलेली आख्खी छोटी रेल्वे उभारली. नव्या कोऱ्या गाड्यांऐवजी धुरकटलेली इंजिनं आणि वाकलेल्या छपरांची जुनी घरं करून दाखवणाऱ्या पहिल्या काही नावाजलेल्या कारागिरांत त्याचं नाव घेतात. आपल्याकडे पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. १ एप्रिल १९९८ ला ते सुरू झालं. तिथल्या गाड्या १:८७ या प्रमाणातल्या आहेत. सुट्टीत पुण्याला गेलात तर आईबाबांना तिथं घेऊन जा. आणि गाड्या धावताना सगळे टाळ्या वाजवत असतील तेव्हा तुम्ही इमारतींच्या भिंती आणि रुळांच्या कडा बघा.

आता तुमच्या मनात आलं असेल, की एवढं कशाला? डबा अंगणात ठेवला की आपोआप मळेल! आमच्याही वर्गात एकानं हेच सुचवलं. आम्ही करूनही पाहिलं. एक जुना पुठ्ठ्याचा डबा चार दिवस खिडकीत ठेवला. त्याच्यावर धूळ बसली, पण ती धूळ वाटेना, कापसाचे पुंजके वाटायला लागले. कारण डबा पन्नास पटींनी लहान झाला, धूळ कुठं लहान झाली? खरी धूळ छोट्या वस्तूवर खोटी दिसते. म्हणून ती रंगवावी लागते.

हीच चूक आपण दिवाळीच्या किल्ल्यात करतो. आमच्या तालुक्यातला माहुली समुद्रसपाटीपासून ८५८ मीटर उंच. समजा १ सेंटिमीटर म्हणजे २० मीटर असा किल्ला केला, तर तो ४३ सेंटिमीटर होतो. छान झाला. मग बाजारातून आणलेला आठ सेंटिमीटरचा मावळा त्याच्यावर उभा केला, की तो मावळा झाला १६० मीटर उंच! त्यानं दरवाज्यातून आत कसं जायचं? माझा मावळ्यांवर राग नाही, माझ्याही किल्ल्यावर ते असायचे. पण मापाचा किल्ला करायचा म्हणालात, तर माणूस तिथं दिसणारसुद्धा नाही. अळीव पेरून आलेलं हिरवं मग गवत राहत नाही, चाळीस-पन्नास मजली झाडं होतात. त्यापेक्षा लाकडाचा भुसा हिरव्या रंगात बुडवून, वाळवून, बारीक चाळून टाकलेला बरा.

रुळाखालच्या खडीचंही तसंच. खरी खडी दोनपासून साडेसहा सेंटिमीटरपर्यंत असते. तिला पन्नासनं भागा. साधारण अर्ध्यापासून सव्वा मिलिमीटरपर्यंतची वाळू हवी. चहाच्या गाळणीनं चाळली की काम होतं. (गाळणी जुनी घ्या. नव्या गाळणीवरून माझ्या घरी काय बोलणी बसली ते इथं लिहीत नाही.)

आणखी एक नियम आम्ही फळ्यावर लिहून ठेवला होता. १:५० ची वस्तू एक फुटावरून पाहणं म्हणजे खरी वस्तू पन्नास फुटांवरून पाहणं. तेव्हा पन्नास फुटांवरून जे दिसत नाही ते रंगवायचं नाही. आमच्या पठ्ठ्यानं आधी बोल्ट म्हणून डब्याभर खसखस चिकटवली होती. त्याचे वडील संध्याकाळी शाळेत आले, त्यांनी डबा हातात घेतला आणि म्हणाले, "बाई, या डब्यांचे पत्रे बहुतेक वेल्डिंगचे असतात. एवढं काय चिकटवलंय? डब्याला देवी आल्यावानी दिसतंय!" खसखशीचा दाणा साधारण एक मिलिमीटरचा. पन्नासनं गुणा, पाच सेंटिमीटरचा बोल्ट झाला! सगळी खसखस खरवडून काढली.

जाता जाता त्यांनी डबा उलटा करून चाकं पाहिली. आम्ही चाकांना सगळीकडून छान गंज चढवला होता. ते म्हणाले, "डबा उभाच हाय का हा?"

आम्हाला कळेना.

"चाकाचा घेर रुळावर टेकतो तिथं घासून आरशागत होतो. बाजूची तबकडी मळकी राहू दे, पण घेर चकाकला पाहिजे. रुळाचंही तसंच. माथा चकाकतो, बाजू तांबडी. रुळाच्या माथ्यावर गंज दिसला, की आम्ही समजतो या लाइनीवर गाडी चालत नाय." मग पोराकडे वळून म्हणाले, "चालतोय म्हणून मळतोय ना रे तो. मग चालताना दाखव की."

रोज रूळ डोळ्यांखालून घालणाऱ्या माणसाला जे एका नजरेत दिसलं, ते पुस्तकं चाळून मला दिसलं नव्हतं. चकाकी मात्र आमच्या कंपासपेटीतच निघाली. शिसपेन्सिलीचं टोक आडवं धरून चाकाच्या घेरावर आणि रुळाच्या माथ्यावर घासायचं आणि बोटानं पुसून घ्यायचं. चंदेरी रंगापेक्षा हजारपट खरं दिसतं.

आता मळवायची रीत सांगते. दुकानात जायची फारशी गरज नाही.

पहिला हात मूळ रंगाचा. त्यात थोडा पांढरा मिसळा. लांबचे डोंगर फिकट निळे का दिसतात? मधे हवा असते म्हणून. छोटी वस्तू म्हणजे लांबून पाहिलेली मोठी वस्तू, तेव्हा तिचाही रंग थोडा फिकाच हवा. डबीतला रंग तसाच थापला, की चॉकलेटचा डबा होतो.

रंग वाळला, की एक भाग फेविकॉल आणि तीन-चार भाग पाणी असं पातळ करून त्याचा एक हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. ही पायरी गाळू नका. आम्ही गाळली होती. पोस्टर कलर वाळला तरी पाणी लागलं की पुन्हा विरघळतो. गंजाचे ओघळ काढायला ओला ब्रश लावला आणि खालचा तपकिरी, त्यावरची अक्षरं, सगळं मिळून गुळाचा पाक झाला. आठ दिवसांचं काम गेलं. पोरगं रडलं नाही, पण मधल्या सुट्टीत डबाही खाल्ला नाही. नंतर कळलं, की अ‍ॅक्रिलिक रंग घेतले असते तर हा प्रश्नच आला नसता. पण ते महाग पडतात आणि आमच्या वर्गात पोस्टर कलरच होते.

मग कोपऱ्यांची सावली. काळा आणि तपकिरी रंग चहाइतका पातळ करायचा आणि सगळ्या डब्याला लावायचा. तो आपोआप फटींत आणि कोपऱ्यांत जाऊन बसतो. उंच भागावरचा लगेच चिंधीनं पुसून घ्यायचा. वर ओढत पुसा, म्हणजे ओघळ उभेच राहतील.

गंजाला आम्ही गेरू वापरला. आमच्याकडे घरोघरी असतो, भिंती सारवायला आणि चित्रांच्या खालच्या रंगाला. गेरूचा लाल रंग लोखंडाच्या ऑक्साईडचा, आणि गंज म्हणजेही लोखंडाचं ऑक्साईडच! म्हणजे गंज रंगवायला जवळजवळ गंजच घ्यायचा. पिवडीतही लोखंडच असतं. नवा गंज नारिंगी दिसतो, त्यासाठी गेरूत पिवडी मिसळा. जुना गंज काळपट, त्यासाठी गेरूत थोडी काजळी. ओघळ काढताना बिजागरीखाली गेरूचा एक बारीक ठिपका द्या, मग स्वच्छ ओलसर ब्रश त्या ठिपक्यावरून सरळ खाली ओढा. ब्रश एकदाच ओढायचा. दुसऱ्यांदा ओढलात की बिघडलंच म्हणून समजा.

रंगाचे पोपडे उडालेले दाखवायची एक रीत मला फार आवडते. पुठ्ठ्यावर आधी गेरूचा रंग द्या, वर पातळ फेविकॉल, आणि तो वाळू द्या. मग जिथं पोपडे हवेत तिथं पाण्याचं बोट फिरवून जाड्या मिठाचे बारीक कण टाका. ते वाळून चिकटले, की दात घासायच्या जुन्या ब्रशनं वरच्या रंगाचे तुषार उडवा. ब्रशनं रंग फासू नका, मीठ विरघळेल. सगळं वाळल्यावर मीठ बोटानं झाडून टाका. मिठाखाली झाकलेला गेरू उघडा पडतो आणि वाकडातिकडा, खराखुरा पोपडा दिसतो. हातानं काढू गेलो तर असा वेडावाकडा आकार जमत नाही. आपला हात नकळत गोलच काढतो.

शेवटी धूळ. गेरू, राख आणि थोडा पांढरा मिसळून पातळ रंग करा. स्पंजाचा तुकडा (कापलेला नको, फाडलेला घ्या) त्यात बुडवा, कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करा आणि डब्याच्या खालच्या भागावर टिपत जा. वर जाता जाता हात हलका करा. झालं की पुन्हा एकदा पातळ फेविकॉलचा हात. कोळसा भरलेला दाखवायचा तर आत पुठ्ठ्याचा खोटा तळ वर घ्या आणि त्यावर चुलीतला कोळसा कुटून, चाळून चिकटवा. आख्खा डबा भरलात तर वजनानं चाकं फाकतील.

तर असा आमचा डबा तयार झाला. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तो टेबलावर ठेवला होता. बाजूला बाकीच्यांची वंदे भारत, पांढरीशुभ्र, निळा पट्टा, आत दिवेसुद्धा लागत होते. आणि इथं मला तुम्हाला एक कबूल करायचं आहे. दोन्ही शेजारी शेजारी पाहिल्यावर माझाच धीर सुटला. बाहेरचे लोक काय म्हणतील? मी त्या मुलाला म्हटलं, "एका बाजूनं थोडा पुसून नीट करायचा का रे? वरून चकचकीत हात देऊ."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, मग पंधरा दिवस आम्ही काय बघत होतो?"

मी गप्प बसले. डबा होता तसाच खोक्यात गेला.

प्रदर्शन कुठलं ते सांगत नाही, सांगायची गरजही नाही. एक परीक्षक आले. वंदे भारतचे दिवे लावून पाहिले, शाबासकी दिली. मग आमच्या डब्यापाशी थांबले. "हे काय? आणताना पुसून तरी आणायचं. मुलांना नीटनेटकेपणाची सवय लागली पाहिजे," असं माझ्याकडे बघून म्हणाले आणि धूळ दाखवायला त्यांनी डब्याच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवलं.

मग बोट पाहिलं.

बोट स्वच्छ होतं! फेविकॉलच्या हाताखालची धूळ ती, कशी निघणार? त्यांनी पुन्हा एकदा फिरवलं, या वेळी जरा जोरात. पुन्हा बोट पाहिलं. मग चष्मा काढून डब्याजवळ वाकले, काही तरी विचारणारसं वाटलं, पण मागून कुणीतरी हाक मारली आणि ते पुढं गेले.

बक्षीस आम्हाला मिळालं नाही. वंदे भारतलाही नाही, ते दुसऱ्याच एका शाळेच्या पाण्याच्या प्रयोगाला गेलं आणि तो प्रयोग खरोखर चांगला होता. परतीच्या गाडीत वंदे भारतवाले हिरमुसून बसले होते आणि आमचा हा मात्र खोकं मांडीवर घेऊन खिडकीशी हसत होता. मी विचारलं, "काय रे?"

"बाई, त्यांनी दोनदा बोट पाहिलं!"

पालकांना एवढंच सांगते, मुलांनी केलेली वस्तू मळकी दिसली तर फडकं घ्यायच्या आधी एकदा विचारून घ्या. हे मी अनुभवानं लिहिते आहे. जानेवारीत वर्गाच्या साफसफाईत दोन उत्साही मुलींनी तो डबा ओल्या फडक्यानं खसखसून पुसला. फेविकॉल टिकला तिथं धूळ टिकली, एका कोपऱ्यात मात्र रंग निघाला. त्या मुली घाबरून गेल्या. डब्याचा मालक आला, त्यानं डबा उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, "राहू दे. खरे डबे पण असेच खरचटतात." आणि पेन्सिलीनं तिथं थोडी चकाकी दिली.

आता पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीच्या घराकडे येऊ. तुझ्या घराला गंज नको, पण पाऊस हवा. आपल्या कोकणपट्टीत पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून घराची त्या बाजूची भिंत जास्त काळवंडते आणि तिच्यावर शेवाळ धरतं. आधी ठरव, तुझ्या घराचं दार कोणत्या दिशेला आहे. मग नैर्ऋत्येच्या भिंतीला खालून हिरवट-काळा हात दे, समोरची भिंत कोरडी ठेव. पागोळ्या पडतात तिथं जमिनीलगत मातीचे शिंतोडे येतात. खऱ्या भिंतीवर ते हातभर उंच जातात, तेव्हा तुझ्या मापानं किती ते भागून काढ. दाराच्या कडीभोवती हाताचा तेलकट डाग. चुलीच्या वरची कौलं काळी. आणि उंबरठा मधे झिजलेला, कारण कडेनं कुणी पाय ठेवत नाही.

सगळ्यांना पुढच्या वेळेपर्यंत एक काम. धुळीच्या रस्त्यानं येणारी एस.टी. नीट पाहा. पुढची काच बरी असते, बाजू मळलेल्या असतात आणि मागची काच तर इतकी मळते की तिच्यावर बोटानं नाव लिहिता येतं. गाडी तर पुढं जाते, धूळ पुढून यायला हवी. मग मागचीच बाजू सगळ्यात जास्त का मळते? विचार करा, डेपोत कुणा चालककाकांना विचारा आणि मला लिहून पाठवा. सोबत एस.टी.च्या मागच्या बाजूचं चित्र काढा, कुठं दाट धूळ आणि कुठं विरळ ते पेन्सिलीनं छटा देऊन दाखवा. नुसती लाल एस.टी. रंगवून पाठवलीत तर मी परत पाठवीन हं!